कैंचीच्या पायांचा पलंग

मित्रांनो, मी एक पलंग आहे. पण सकाळी मला भेटायला आलात तर तुम्ही मला पलंग म्हणणार नाही. तेव्हा मी कमरेएवढा उंच उभा असतो, माझ्या पाठीवर रेशमी कापड पसरलेलं असतं आणि त्यावर खडूच्या रेघा ओढलेल्या असतात. पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांच्या एका घरात मी राहतो. आज माझी कीर्ती पार मुकुंदवाडीच्या स्टेशनपलीकडे गेली आहे. ती मी कशी मिळवली, ते सांगतो. खरं तर ती फहमिदाने मिळवली. मी फक्त उभा राहिलो.

फहमिदा माझी मालकीण. बायकांचे कपडे शिवते. तिच्या हातचा शरारा नवरीच्या अंगावर असा पडतो, की मुलीला आरसा सोडवत नाही. तिचा नवरा गयास एसटीत कंडक्टर आहे, पैठणच्या गाडीवर. कधी रात्री गाडी मुक्कामाला राहते. मग तो सकाळी घरी येतो आणि जग कामाला लागतं तेव्हा झोपतो. त्यांची एकच मुलगी, सुमय्या. ती बारावीला आहे.

माझ्याआधी आतल्या खोलीत एक भला थोरला लोखंडी पलंग होता. त्याने सगळी खोली गिळली होती. फहमिदाला कापड बेतायला जागाच नव्हती. ती बाहेरच्या खोलीत फरशीवर ओणवी होऊन कापायची आणि घरातली माणसं तिच्या कापडाला वळसा घालून जायची. वर्षानुवर्षं असं वाकून वाकून तिची कंबर धरली. डॉक्टरांनी सांगितलं, आता खाली वाकणं बंद.

गयासला काळजी वाटली. तो म्हणाला, "शिवण सोड ना. माझ्या पगारात भागतं आपलं."

"कंबर दुखते ती माझी," फहमिदा म्हणाली, "आणि काम बी माझंच हाय. सोडायचं असंल तर वाकणं सोडीन. काम नाय सोडायची."

त्याच आठवड्यात ती मुकुंदवाडीला फकिरा मिस्त्रीच्या दुकानात गेली. दिवसा टेबल आणि रात्री पलंग अशी वस्तू तिला हवी होती. फकिरा रंधा थांबवून हसला.

"भाभी, पलंग काय झबलं हाय का, घडी घालायला?"

पण फहमिदा हटली नाही, आणि तिथेच माझा पहिला जन्म झाला. माझी फळी जाड प्लायवूडची होती. मला भिंतीत मोठे बोल्ट मारून लोखंडी बिजागरीवर टांगलं. दिवसा मला भिंतीला उभं करायचं, मग माझ्या पोटाची छोटी फळी उघडून टेबल करायचं, आणि रात्री मला खाली पाडायचं, असा बेत होता. दिसायला मी फार रुबाबदार होतो. गल्लीतली माणसं मला बघायला आली. मला वाटलं, आपल्यासारखे आपणच!

मित्रांनो, रुबाब आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला लवकरच कळलं. मला उचलायला दोन बाप्ये लागायचे. एका सकाळी घरात पुरुषमाणूस नव्हतं. फहमिदा आणि सुमय्या मला भिंतीला उभं करत होत्या. माझा भार त्या जुन्या, पातळ भिंतीला सोसवला नाही. बोल्ट विटेसकट उपटून आले आणि मी धाडकन कोसळलो. सुमय्या उडी मारून बाजूला झाली म्हणून तिचे पाय वाचले. भिंतीपलीकडे घरमालकांचं स्वयंपाकघर होतं. तिथली मांडणीवरची भांडी खणखणत जमिनीवर आली.

घरमालक बद्रीनाथकाका हातात चेपलेला तांब्या घेऊनच दारात उभे राहिले. ते मनाने वाईट नव्हते, पण ते घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं.

"ही भिंत माझी हाय," ते म्हणाले. "पोरगी वाचली म्हणून गप बसतो. पण पुन्हा या भिंतीत एक खिळा जरी दिसला, तर खोली खाली करायची. सांगून ठेवतो."

तेवढ्यात गयास रात्रीच्या मुक्कामाहून परतला. त्याचे डोळे झोपेने लाल झाले होते. खोलीभर चुना आणि विटांचे तुकडे पडले होते. झोपायला जागा नव्हती. तो एक शब्दही बोलला नाही. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून तो पडला. त्याचं ते न बोलणंच फहमिदाला जास्त लागलं.

मला गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलं. माझ्यावर कबुतरं बसू लागली. कुणी ओल्या गोधड्या वाळत घालू लागलं. उन्हाने माझ्या कडा उकलू लागल्या. ज्यांनी माझं कौतुक केलं होतं तीच माणसं माझ्याकडे बोट दाखवून हसायची. आता आपण जळणात जाणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

पण खाली फहमिदा स्वस्थ बसली नव्हती. कापड बेतण्याआधी ती कागदाचा नमुना कापते, तसे तिने जुन्या वर्तमानपत्रांचे पलंग कापायला घेतले. ती रोज कागद दुमडायची आणि चुरगळून टाकायची.

"अम्मी, आता काय शोधतीस?" सुमय्याने विचारलं.

"भिंतीच्या आधाराने उभा राहणारा पलंग नको मला. आपल्या पायावर उभा राहील असा पाहिजे. आणि असा, की दोघींना काय, तुला एकटीला उचलता यायला पाहिजे. आणि तुझे अब्बू दिवसा झोपले तरी माझं काम थांबायला नको."

"एवढं सगळं एका पलंगात?"

"एवढं नसंल तर पलंग कशाला करायचा?" फहमिदा म्हणाली.

उत्तर सापडलं ते गयासला, आणि तेही पैठणच्या बसस्थानकावर. तिथे कडूबाई नावाची बाई पेरू विकते. तिची पाटी एका बांबूच्या घोडीवर असते. त्या घोडीला एकमेकांत अडकवलेले तिरपे पाय आहेत. त्या दिवशी गयासची गाडी सुटायची वेळ झाली होती. कडूबाईने पाटी उतरवली, घोडीचे पाय मिटले आणि ती काखेत मारली. गयास बघतच राहिला.

"मावशी, ते पुन्हा उघडून दाखवा बरं."

"पेरू घ्यायचेत का घोडी?"

"पाटीभर पेरू घेतो, पण उघडा."

कडूबाईने घोडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. पाय फाकवले की घोडी बुटकी व्हायची. पाय जवळ आणले की उंच व्हायची. गाडीतले प्रवासी खिडकीतून ओरडू लागले. ड्रायव्हरने भोंग्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. गयास हसत हसत धावत गाडीत चढला आणि वाटेत त्याने कितीतरी जणांना तिकिटाबरोबर एकेक पेरू दिला.

घरी येताच त्याने बूटही काढले नाहीत. फहमिदा कागद कापत बसली होती. तो हातवारे करून घोडीबद्दल सांगू लागला. पण कसं सांगावं ते त्याला जमेना. मग त्याने तिच्या हातातली मोठी कैंचीच घेतली, टोकं खाली करून उभी धरली आणि उघडली. कैंची बुटकी झाली. मिटली, ती उंच झाली.

फहमिदाने डोळे विस्फारले. "अजी, सगळी उमर ही कैंची माझ्या हातात हाय! आणि मला दिसली नाय!"

"तुझ्या हातात होती म्हणूनच नाय दिसली," गयास म्हणाला.

त्यांच्यात इतके दिवस अडून राहिलेलं बोलणं त्या संध्याकाळी मोकळं झालं. पहाटे त्यांनी शेजाऱ्यांच्या मदतीने मला गच्चीवरून खाली उतरवलं, कबुतरांची घाण धुतली आणि टेम्पोत घातलं.

फकिराने मला पाहून कपाळाला हात लावला. फहमिदाने त्याच्यासमोर कागदाचा नमुना पसरला आणि खडूने माझ्या बरोबर मधोमध एक सरळ रेघ मारली.

"फकिराभाऊ, इथनं कापा."

"भाभी, अख्खी फळी हाय. दोन तुकडे करू?"

"ब्लाऊजचा पुढचा भाग आणि पाठ आपण वेगळी कापतो का नाय? अंगावर चढल्यावर एकच होतो ना? कापा."

मित्रांनो, करवत माझ्यात शिरली तेव्हा मी फार घाबरलो. मला वाटलं, मी संपलो. पण दुसऱ्या बाजूने करवत बाहेर आली आणि मला कळलं, मी संपलो नव्हतो, मी दोन झालो होतो. प्रत्येक भागाला फकिराने सागाचे कैंचीसारखे पाय बसवले. पाय सरकू नयेत म्हणून लोखंडी पट्टीला खाचा पाडल्या. दोन्ही भाग शेजारी लावले की पहिल्या खाचेत मी पलंग होतो, शेवटच्या खाचेत टेबल. फकिरा स्वतः चपला काढून माझ्यावर चढला आणि मनसोक्त नाचला. मी जरासुद्धा हललो नाही. आता तो हसला, ते हसू मात्र वेगळं होतं.

"झबलंच निघालं की वो भाभी!" तो म्हणाला.

मला घरी आणलं तेव्हा जिन्यात आवाज ऐकून बद्रीनाथकाका लगोलग आले. त्यांनी आधी चारी भिंती चाचपून पाहिल्या. कुठे खिळा नव्हता. मग ते माझ्याजवळ आले. त्यांनी मला हाताने ढकललं. मग बसले. मग दोन्ही पाय वर घेऊन चक्क आडवे झाले.

"आता याचं टेबल करा," ते उठून म्हणाले. "पण गयास नको. या पोरीने करावं."

सुमय्या पुढे झाली. तिने गादी गुंडाळली, एका हाताने माझी कड उचलली आणि पायाने दांडा आत सारला. खट्! मी कमरेएवढा उंच झालो. काकांनी माझ्यावर सगळा भार टाकून पाहिला. मी उभाच होतो.

काकांनी वाकून पट्टीच्या खाचा बोटाने चाचपल्या. मग फहमिदाकडे वळून म्हणाले, "माझी नात तनुजा पुण्याहून येती ना, तवा जमिनीवर निजती. तिच्यासाठी असा एक करून द्याल का? माप तुम्हीच घ्या. त्या मिस्त्रीला एकट्याला नका धाडू."

फहमिदाने ओढणीने तोंड झाकलं. सगळ्यांना वाटलं ती हसते आहे. ती हसत होती आणि रडतही होती.

दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या उंच भागावर एका नवरीच्या शराऱ्याचं कापड पसरलं. ती ताठ उभी होती. तिची कात्री सरसर चालत होती. शेजारच्या माझ्या बुटक्या भागावर गयास रात्रीच्या मुक्कामाहून येऊन गाढ झोपला होता. मशीन सुरू करताना ती थबकली.

"चालव ग," तो डोळे न उघडता म्हणाला. "बशीच्या इंजिनाजवळ झोप लागती मला. तुझी मशीन म्हंजे अंगाई हाय."

त्यानंतर जे झालं ते मी अभिमानाने सांगतो. तनुजाचा पलंग झाला. मग तिच्या मावशीचा झाला. फकिराच्या दुकानात लोक येऊन "कैंचीवाला पलंग" मागू लागले. फकिरा त्यांना सांगतो, "आधी भाभी घर बघतील. मग मी लाकूड कापीन."

फहमिदा गळ्यात टेप घालून जाते. पण खोली मोजण्याआधी ती माणसांना विचारते. घरात आधी कोण झोपतं? कोणाचे गुडघे दुखतात? अभ्यास कोण करतं? परवा द्वारकाबाई नावाच्या आजींनी तिला विचारलं, "बाई, तू नेमकी कोण? शिंपीण का सुतारीण?"

"मी माप घेते आजी," फहमिदा म्हणाली. "कापडाचं घेत होते, आता घराचं घेते."

हे मला कुणी येऊन सांगितलं नाही. फहमिदाने घरी येऊन गयासला सांगितलं आणि मी ऐकलं. पलंगाला सगळं ऐकू येतं.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी दिवसरात्र राबत असेल. त्याच्या बोल्टांना अधूनमधून पाना लावा, खाचांत तेलाचा थेंब सोडा, ओले कपडे टाकू नका. ते कुरकुरलं तर वैतागू नका. काहीतरी सैल झालंय एवढंच ते सांगत असतं. आणि घरातल्या एखाद्या माणसाने "मला इथे जागा पुरत नाही" असं म्हटलं, तर त्याला काम सोडायला सांगू नका. त्याच्याजवळ बसा आणि जागा कुठून काढायची ते दोघांनी मिळून शोधा. ती सापडते. मी त्याचा उभा पुरावा आहे. आणि रात्री आडवा.