धावपट्टीवरची टिटवी

मित्रांनो, मी एक जुनी दांडी आहे. मागे लाकडी मूठ, पुढे तांब्याच्या तारेचं कडं आणि पोटात दोन सेल. धातू जवळ आला की कुंई करून ओरडायचं, एवढंच मला येतं. विमानात चढणाऱ्या माणसांच्या अंगावरून मला फिरवत असत. तुम्हाला वाटेल, माणसं मला भीत असतील. खरं सांगू का, तिथे सगळ्यांत भित्री मीच होते.

माझा जन्म बंगळूरच्या एका लहान कारखान्यात झाला. तिथे माझी परीक्षा घेतली ती एका खिळ्यावर. खिळा जवळ आणला, मी ओरडले, साहेबांनी मान डोलावली आणि मी पास झाले. मग लाकडाच्या भुशात पॅक करून मला मध्य प्रदेशातल्या बालाघाटला धाडलं. ते साल होतं एकोणीसशे त्र्याहत्तर. विमानं पळवून नेल्याच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या. गावाबाहेरच्या मुरमाच्या धावपट्टीवर आठवड्यातून तीनदा नागपूरचं सहा जागांचं विमान उतरायचं, आणि तिथेही तपासल्याशिवाय कोणाला चढू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. ते काम फौजेतून निवृत्त झालेल्या बिसेन सुभेदारांच्या कंपनीनं घेतलं. कंपनी म्हणजे काय, तर एक टेबल, एक कनात, टिकाराम, मैनाबाई आणि मी.

टिकाराम पुरुषांना तपासायचा, मैनाबाई बायकांना आणि लेकरांना. मैनाबाईचा नवरा नथ्थू मँगनीजच्या खाणीत होता. तिथल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, म्हणून बाईनं ही नोकरी धरली होती. पहिल्या महिन्यात मला बघायला किरनापूरहून माणसं यायची. माझं ओरडणं ऐकून त्यांनी माझं नाव टिटवी ठेवलं. टिटवीचं ओरडणं कोणी शुभ मानत नाही, हे मला पुढे कळलं. तोवर मी त्या नावावर खूश होते.

पण धास्ती पहिल्या दिवसापासून होती. मला सूर एकच. चुन्याच्या डबीलाही तोच आणि पिस्तुलालाही तोच. आणि आपल्याकडे चुन्याची डबी कमरेला नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. मी प्रत्येकाला ओरडायचे. प्रत्येकाची डबी बाहेर निघायची, उघडायची, हुंगायची, परत खोचायची. एकदा एका ठेकेदाराच्या कमरेला तीन डब्या निघाल्या आणि तेवढ्यानं विमानाला उशीर झाला. त्यानं सुभेदारांकडे तक्रार केली. सुभेदारांनी टिकाराम आणि मैनाबाई दोघांनाही टेबलापुढे उभं केलं.

"आता पुन्हा तक्रार आली तं मी कोणालेच ठेवणार नाही," ते म्हणाले. "घरी बसा मंग."

त्याच दुपारी टिकारामनं माझी घुंडी उलटी फिरवली. म्हणजे माझा कानच पिळला म्हणा ना. "आता डबीले नाही बोंबलत हे," तो समाधानानं म्हणाला. आणि खरंच, मी गप्प झाले. माणसं झटपट चढू लागली. सुभेदार खूश, ठेकेदार खूश. मी मात्र रोज कोणाच्या ना कोणाच्या अंगावरून मुकाट फिरत होते आणि आपल्याला काय काय कळलं नाही, याचीच धास्ती घेत होते.

मग ती सकाळ आली. खाणीच्या वस्तीतली पुष्पलता आपल्या चार वर्षांच्या शीलाला छातीशी धरून धावतच आली. पोरीला घटसर्प झाला होता. घसा आतून बंद होत चालला होता आणि त्यावरचं इंजेक्शन नागपूरलाच होतं. गोंदियामार्गे गाडीनं जायचं तर संध्याकाळ झाली असती. पोरीच्या प्रत्येक श्वासाला करवतीसारखा आवाज येत होता. विमानाचा पंखा सुरू झालेला होता.

मैनाबाईनं मला पोरीवरून फिरवलं. डाव्या हातात चांदीचा वाळा होता, तिथे मी गप्प राहिले. उजव्या हातातही तसाच वाळा होता. पण त्या मुठीजवळ येताच माझ्या पिळलेल्या कानात काहीतरी टोचलं आणि मी ओरडले. ओरडले कसली, डास गुणगुणावा तेवढाच आवाज निघाला.

"वाळा आहे तो," टिकाराम कनातीबाहेरून म्हणाला. "सोड तिले. पायलट बोलावून राह्यला."

"बाई, जाऊ द्या ना," पुष्पलता रडत म्हणाली. "श्वास येऊन नाही राह्यला तिले."

मैनाबाई विचारात पडली. थांबवलं आणि पोरीचं काही बरंवाईट झालं तर? तक्रार आली तर? तिनं मला परत डावीकडे नेलं. मी गप्प. उजवीकडे नेलं. गुणगुण.

"दोन्ही हातांत वाळे आहेत," ती हळूच म्हणाली. "मंग एकाच हाताले काहून बोलली हे?"

तिनं वाकून पाहिलं. शीलाच्या मुठीतून एक चकचकीत टोक बाहेर आलं होतं. मैनाबाईनं ते लगेच ओळखलं. तो डिटोनेटर होता, सुरुंग उडवणारी बारकी नळी. असल्याच नळीनं नथ्थूची बोटं नेली होती. शीलाचा बाप खेमराज खाणीत सुरुंगाला बत्ती द्यायचा आणि घाईत उरलेली नळी त्यानं तंबाखूच्या चंचीत टाकली होती. डॉक्टरची चिठ्ठी त्याच चंचीत होती, म्हणून पुष्पलतेनं ती खुंटीवरून ओढून आणली आणि पोरगी रडू नये म्हणून वाटेत तिच्याच हातात दिली; त्यातून तिनं नळी काढून मुठीत धरली. आता पोरगी ती मूठ तोंडाकडे नेत होती.

मैनाबाईनं तिच्या मुठीला हात लावला नाही. मूठ ओढली असती तर पोरीनं आणखी आवळली असती. ती खाली बसली आणि मला, कंपनीच्या एकुलत्या एक यंत्राला, पोरीपुढे धरलं.

"शीला, हे घेतं का? टिटवी आहे. पाय ना, कशी ओरडते."

शीलानं माझ्याकडे पाहिलं. मूठ उघडली. मैनाबाईनं दुसऱ्या हातानं ती नळी अलगद झेलली आणि तापलेली चिमुकली बोटं माझ्या मुठीभोवती मिटली. नळी वाळूच्या बादलीत गेली. चंची उलटी करून झटकली. पण शीला मला सोडेना.

"यंत्र कंपनीचं आहे," टिकाराम घाबरून म्हणाला.

"हौ. मी सांगीन सुभेदाराले," मैनाबाई म्हणाली. "तू दार लाव."

अशी मी विमानात बसले. खिडकीतून वैनगंगा दिसली म्हणतात, मी पाहिली नाही. मी फक्त तो करवतीचा आवाज ऐकत होते. अर्ध्या वाटेत तो बारीक झाला आणि माझ्यावरची बोटं सैल पडू लागली. मित्रांनो, लोकांच्या मुठी उघडाव्यात म्हणून मी जन्मभर ओरडले. त्या वेळी मात्र ही मूठ उघडू नये एवढंच मागत होते. आणि ते मागायला मला सूर नव्हता.

नागपूरच्या दवाखान्यात नर्सनं मला शीलाच्या हातातून काढू पाहिलं. तेव्हा बोटं पुन्हा आवळली. मला जेवढा आनंद झाला तेवढा कधीच झाला नव्हता.

शीला वाचली. मैनाबाईला सुभेदार खूप बोलले, पण नोकरीवर ठेवलं, आणि पुढच्या विमानानं मी परतले तेव्हा माझी घुंडी त्यांनी स्वतः सुलट फिरवली. पुढे ते विमान बंद झालं. कंपनी उठली. मी आता बालाघाटच्या एका जुन्या कचेरीच्या कपाटावर धूळ खात आहे आणि माझ्या पोटातले सेल गळून गेलेत.

तुमच्या घरीही कोणीतरी भित्रं असेल, रोज एकाच सुरात तेच ते सांगणारं. कंटाळून त्याचा कान पिळू नका. एकदा थांबा, वाकून बघा. आणि समोरची मूठ लहान असेल, तर ती ओढू नका. आधी तिच्या हातात काहीतरी द्या.