एका ‘घे’चा घोळ

मी पोपट बोलतोय. आणि आधीच सांगून ठेवतो, आज शिकवलेलं बोलणार नाही. आज माझं डोकं फिरलंय.

तुम्हा माणसांचं आमच्याशी काय वाकडं आहे कोण जाणे. कुणी न समजता घोकलं, की ती पोपटपंची. कुणाची फजिती झाली, की ‘पोपट झाला’. चोरानं भडाभडा कबूल केलं, की ‘पोपटासारखा बोलायला लागला’. अरे, चोरी तुमची, फजिती तुमची, आणि नाव आमचं?

माझा जन्म पाखरं विकणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. अंगावर धड पिसंही नव्हती, तेव्हा एका चष्मेवाल्यानं मला पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी आणलं. घरात त्याला बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणतो. हा माणूस दिवसभर दुकानात लोकांना चष्मे लावून देतो आणि घरी आला की त्याला स्वतःला काही म्हणजे काही दिसत नाही. तेही पुढे येईलच.

माझं नाव ठेवलं ‘राजे’. राज्य केवढं, तर दोन दांड्या, एक झोका आणि एक वाटी! पण खोटं कशाला बोलू, सुरुवातीला माझे लाड फार झाले. आई शिवणयंत्रावर बसायची आणि मी तिच्या खांद्यावर. यंत्राची खडखड मी इतकी हुबेहूब काढायचो, की ती फसून पायाकडे बघायची. ताई, म्हणजे त्यांची मुलगी, अभ्यास सोडून माझी मान खाजवत बसायची.

आणि बाबा मला दाणे द्यायचे. बोटांच्या चिमटीत सूर्यफुलाची बी धरायची, पिंजऱ्याच्या गजांतून आत सरकवायची आणि म्हणायचं, “घे!” मी घ्यायचो. पुन्हा “घे!” हा शब्द आला, की मागून खाणं येतं, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मग भूक लागली की मीच ओरडायला लागलो, “घे! घे!” तेही बाबांच्याच आवाजात, त्यांच्या त्या किंचित घोगऱ्या सुरासकट. घरभर हसू. पाहुणे आले की मुद्दाम करून दाखवायला लावायचे.

मग डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, रोज चालायला जा. चालायला पाय लागतात. पण बाबांना वाटलं, कुत्रा लागतो.

बेवारस कुत्री सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी फोनवरच विचारलं, “घरात आणखी कुणी जनावर आहे का?” ताईनं माझं सांगितलं. “मग त्यालाही घेऊन या,” बाई म्हणाल्या. त्या बाईंना मी मानतो. आजवर मला कुठे बोलावलं गेलं असेल, तर तेवढंच.

छोट्या पिंजऱ्यातून मला नेलं. आधी एक वयस्कर कुत्री आणली. एक कान फाटलेला, तोंडाभोवती पांढरे केस. तिनं मला लांबूनच हुंगलं. मी घाबरून पंख फडफडवले, तर तिनं तोंड फिरवलं, माझ्याकडे पाठ केली आणि सुस्कारा टाकून आडवी झाली. एवढंच. माझ्या छातीतली धडधड तिथल्या तिथे थांबली.

“हीच घ्या,” बाई म्हणाल्या. “पाखरू फडफडलं तरी तोंड फिरवणारं कुत्रं सहजासहजी मिळत नाही.”

“म्हातारी आहे हो,” बाबा कुजबुजले. “आणि तो कान! लोकांना वाटेल आम्हीच मारतो तिला.”

मग दुसरा आणला. तरुण, तुकतुकीत, बिस्किटाच्या रंगाचा. मला बघताच तो जागच्या जागी थिजला. तोंड मिटलेलं, कान पुढे, एक पाय हवेत, आणि नजर माझ्यावर खिळलेली. पापणी लवेना!

“बघा, किती शांत आहे,” बाबा म्हणाले.

“अय्या, त्याला राजे आवडला!” ताई म्हणाली.

आवडला? मांजराला उंदीर आवडतो, तसा आवडला! अहो, तो शांत उभा नव्हता, तो नेम धरत होता. मी किंचाळलो. बाबा म्हणाले, “बघ, तोही खूश झाला.” चष्मे विकतो हा माणूस!

बाईंनी स्पष्ट सांगितलं, “हा टक लावतो. बॉल खेळणाऱ्या घरात तो सोन्यासारखा राहील. पाखराच्या घरात नको.”

“शिकवू की आम्ही,” बाबा म्हणाले. शेवटी बाईंनी अट घातली, की दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचं आणि एकत्र कधी एकटं सोडायचं नाही. बाबा म्हणाले, “हो हो.” त्यांचं ‘हो हो’ मला चांगलं माहीत आहे. आईनं गळका नळ दाखवला की तेच म्हणतात.

कुत्र्याचं नाव बिस्किट ठेवलं. आठवडाभर दार लावलं गेलं. मग कुणाला पाणी हवं, कुणाला चार्जर हवा, आणि दार उघडं ते उघडंच. सगळं घर बिस्किटच्या मागे. माझी मान कोण खाजवणार? माझ्या वाटीत वरवर नुसती टरफलं साठायची आणि लांबून ती भरलेली दिसायची. एक फुंकर मारून बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

आणि ताईनं बिस्किटला काय शिकवावं? बॉल. बॉल फेकायची आणि ओरडायची, “घे!” तो झेप घ्यायचा, बॉल पकडायचा, तिच्या पायाशी आणायचा. मग ती बॉल ओढायची, तो सोडायचा नाही, ही खेचाखेची चालायची आणि दोघंही खूश. संध्याकाळी बाबाही तेच करायचे, “घे!” मी दांडीवर बसून ऐकत होतो. एका घरात एकच शब्द, एकाला दाणा देताना आणि दुसऱ्याला झडप घालायला लावताना! कुणाच्याही ध्यानात येऊ नये?

त्या दुपारी बाबा दुकानात, आई आत यंत्रावर, ताई कानांत गाण्यांची बोंडं घालून बसलेली. वाटीत टरफलं. पोटात आग पडली होती. मी ओरडलो, “घे! घे!”

बिस्किटनं मान वर केली. मालकाचा आवाज. मालकाचा हुकूम. समोर मी.

त्यानं झेप घेतली. पिंजऱ्याखालचं स्टूल पडलं, पिंजरा पडला, दार निसटलं. मी त्याच्या जबड्यात होतो. पण ऐका, त्यानं मला चावलं नाही. बॉल आणतो तसा उचलून मला आईच्या पायाशी नेलं आणि शेपूट हलवत शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

“सोड!” आई किंचाळली. “अरे मेल्या, सोड त्याला!”

‘सोड’ त्याला कुणी शिकवलाच नव्हता. सगळ्यांनी शिकवलं ते घ्यायला. आईनं घाबरून मला ओढलं, त्याला वाटलं, खेळ सुरू झाला. त्यानंही ओढलं. माझा पंख मोडल्याचा आवाज मी ऐकला.

पाखरांच्या डॉक्टरांनी पंख बांधला. हाड जुळेल म्हणाले, पण सांधा गेलाय, उडणं विसरा. आई तिथेच रडली. बाबा घरी आले आणि त्यांनी बिस्किटला चपलेनं मारलं. “कुत्रंच नालायक निघालं!” नालायक? सांगितलेलं सगळं ऐकणारा त्या घरात तो एकटा होता! मी ओरडत होतो, त्याला मारू नका म्हणून. पण माझ्या तोंडून निघाली ती यंत्राची खडखड. माझ्याकडे दुसरं होतं काय? दुसऱ्या दिवशी त्याला बाईंकडे परत नेऊन सोडलं. जाताना तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता.

आता मी या खालच्या दांडीवर बसलेला असतो. पंख लोंबतो. भूक लागली तरी तो शब्द मी काढत नाही. कुणाच्या लक्षात येईल तेव्हा खातो. ताई आता वाटीत फुंकर मारते, हे मात्र कबूल.

आज सकाळी पुन्हा विषय निघाला. बाबांचं चालणं बंद पडलंय ना!

“ती फाटक्या कानाची अजून तिथंच आहे,” ताई म्हणाली. “बाईंना फोन केला होता मी. आधी राजेला तिच्यासमोर नेऊ. चार वेळा नेऊ. मगच ठरवू.”

बाबा हसले. “म्हणजे आता पोपटाला विचारून कुत्रा आणायचा?”

हो! मलाच विचारून आणायचा. तुम्ही त्याच्याबरोबर तासभर चालून याल आणि दुकानात जाल. उरलेला सबंध दिवस त्याच्यासमोर मी असणार आहे, आणि मला आता उडता येत नाही.