गोपिकाबाई पाण्यात उतरतात

१९८४ च्या जानेवारीत नागपूरच्या महाल भागातले मनोहरराव कचेरीतल्या साहेबांच्या आणि इतर काही कुटुंबांसोबत अंदमानला निघाले. कुठे उतरायचं, काय पाहायचं, सगळं त्यांनीच ठरवलं. पत्नीला, गोपिकाबाईंना, विचारावं असं त्यांना सुचलंही नाही. आपल्यापैकी किती घरांत ते सुचतं?

पोर्ट ब्लेअरहून निघालेली बोट एका निर्जन बेटापाशी थांबली. पाणी इतकं नितळ, की तळाची प्रवाळं वरूनच दिसत होती. नावाड्याने काचेचे मुखवटे आणि श्वासाच्या नळ्या काढल्या. पुरुष एकेक करून पाण्यात उतरले. गोपिकाबाईंनीही मुखवट्यासाठी हात पुढे केला. माहेरी, कुहीच्या तलावात, त्या भल्याभल्यांना मागे टाकत. मनोहररावांनी मात्र मुखवटा परत ठेवायला लावला. पन्नाशीच्या बाईने साहेबांसमोर ओल्या कपड्यांत यायचं? आपल्याला पोहता येत नाही, म्हणून आपणही बोटीतच बसलो, हे मनोहररावांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी विश्रामगृहाच्या ओट्यावर बसून, नागपूरला गेल्यावर कोणाला काय काय सांगायचं, याचे बेत मनोहरराव करू लागले.

"तुम्ही सांगा," गोपिकाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी तं बोटीत लोकायचे कपडे सांभाळून राहिली होती."

"लोक काय म्हणले असते वं?"

"लोक चार दिवसांत विसरले असते. मले हे पाणी मरेपर्यंत आठवन. इतक्या दूर आणलं, मंग शेवटच्या हातभरासाठी काहून अडवलं?"

आपण आणलं हेच खूप झालं, असं मनोहरराव आजवर धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी बोट थांबताच त्यांनी पिशवीतून आपला सदरा-पायजमा काढून पत्नीपुढे ठेवला आणि सर्वांदेखत म्हणाले, "जा वं. मी बसतो इथं."

बराच वेळ पाण्यावर नुसती नळी दिसत होती. मनोहररावांचा जीव टांगणीला लागला. मग दूरवर गोपिकाबाईंनी डोकं वर काढलं. त्या मोठ्याने हसत होत्या. संसाराच्या इतक्या वर्षांत मनोहररावांनी हे हसू ऐकलं नव्हतं!

थोड्या वेळाने साहेबांच्या पत्नीने मुखवटा मागितला. साहेबांनी स्वतःच तो काढून दिला.

परतताना गोपिकाबाई सांगत होत्या, मासे प्रवाळं कुरतडतात तो आवाज पाण्यात कसा ऐकू येतो. मनोहरराव ऐकत होते.

घरच्या बाईला जग दाखवायला नेलं, एवढ्याने आपलं काम संपत नाही. त्या जगात कुठवर जायचं, हे तिचं तिलाच ठरवू द्यावं.