ओल्या गाठी

मी विहिरीची दोरी बोलतेय. जरा भराभर बोलेन, कारण आज वस्तीची सभा आहे आणि मला दम निघत नाही.

माझ्या टोकाला शिशाचा गोळा आहे आणि दर हातावर एक गाठ. मला तळापर्यंत सोडायचं, वर ओढायचं, ओल्या गाठी मोजायच्या. झालं माझं काम! एकतीस वर्षं वस्तीचे एकच पंपवाले मला रोज सकाळी, पंप सुरू करायच्या आधी सोडतात आणि फळ्यावर खडूने आकडा लिहितात. वीस. कधी एकोणीस. मग खुशीत म्हणतात, "भरलीय की!"

भरलीय कसली डोंबलाची! रात्रभर झरे पाझरतात, सकाळी पाणी चढणारच. झोपून उठलेलं माणूस ताजंतवानं दिसतंच, दिवसभर राबल्यावर त्याचं तोंड बघा ना! पण संध्याकाळी मला कुणी सोडेल तर शपथ. मी आपली खुंटीवर चरफडत असते.

पंपवाल्यांची मुलगी नियोजन कार्यालयात आहे. वस्तीच्या पुढच्या वीस वर्षांचा आराखडा तिनेच केला. सहाशे नवी घरं, सगळी याच विहिरीवर. पाण्याचा आकडा घेतला फळ्यावरून. बापाच्या हातचा आकडा, त्यावर शंका कोण घेणार?

काल संध्याकाळी ती बापाला न्यायला आली आणि दारातच थबकली.

"बाबा, पंप असा का घरघरतोय?"

"हवा ओढतोय गं. या वेळेला रोजच ओढतो."

"रोज?" तिने पंप बंद केला आणि मला खुंटीवरून काढलं.

"अगं, माप सकाळीच घ्यायचं असतं. मला तसंच शिकवलंय."

तिने ऐकलं नाही. मी वर आले तेव्हा तीनच गाठी ओल्या होत्या. तिने पुन्हा मोजल्या. तीनच.

पंपवाल्यांनी फळ्याकडे पाहिलं. "एवढी वर्षं मी खोटा आकडा लिहिला गं?"

"खोटा नाही बाबा. अर्धाच. आराखडा मागे घ्यावा लागेल. साहेब भडकतील. आणि तुमचं नाव निघेल."

पंपवाल्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर विसाच्या खाली तीन लिहिलं. "निघू दे नाव. उद्या सभेत मीच सांगतो."

तेव्हापासून मी त्यांच्या पिशवीत आहे आणि जीव थाऱ्यावर नाही. ऐकतील ना लोक? घरं बांधा हो, माझी ना नाही. पण किती बांधायची ते विहिरीला संध्याकाळी विचारा. अजून तीन गाठी ओल्या आहेत, तोवर विचारा.