जलशूची बस

धाकटी सून अक्षरं काढायची. म्हणजे वहीत सुंदर लिहायची असं नव्हे. संगणकावरून छापायच्या अक्षरांना ती रूप द्यायची. बरेच महिने ती एकाच वळणामागे हात धुऊन लागली होती. अक्षरं अंगानं सडपातळ हवीत, फाटे-नखरे नकोत, सगळं सरळ रेघा आणि गोल यांतूनच बांधलेलं. पण गोल दोन्ही बाजूंनी दाबला की त्याचं अंडं होई! शेवटी गोल मधोमध कापून दोन अर्धांमध्ये उभ्या रेघा घातल्या, तेव्हा औषधाच्या कॅप्सूलसारखा आकार जमला आणि 'व', 'ब', 'क' ताठ उभे राहिले. 'क्ष'नं मात्र तिला नाकी नऊ आणले.

हे वळण घेतलं शहराच्या बससेवेनं. बसच्या कपाळावरची पाटी वीतभर आणि थांब्यांची नावं हातभर. 'जुने जलशुद्धीकरण केंद्र वसाहत' हे नाव आधीच्या जाड अक्षरांत पाटीवर 'जुने जलशु' इथंच दम तोडायचं. म्हणून सगळे त्या वसाहतीला जलशूच म्हणत.

एका सकाळी सासऱ्यांच्या चष्म्याची मोडलेली काडी बसवायला दोघं निघाली. तेवढ्यात कोपऱ्यावरून बस वळली.

"जुने जल... शुद्धीकरण... केंद्र... वसाहत," सासऱ्यांनी वाचलं आणि ते जागीच थबकले. "अगं, मला चष्म्याशिवाय वाचता आलं!"

"बाबा, माझी! माझी अक्षरं!" सून किंचाळली आणि पळत सुटली. मागोमाग सासरे, एका हातानं पिशवी सावरत.

थांब्यावर ही गर्दी, पण बसमध्ये कुणी चढेना.

"ही आपली नव्हे," एक आजीबाई ठामपणे म्हणाल्या. "आपल्याला जलशूला जायचंय."

"अहो, हीच जलशू!" कंडक्टरनं कपाळावर हात मारला.

"मग पाटीवर भलतंच का?"

"भलतं नाही, आज्जी, पूर्ण नाव आहे ते!"

"जन्म गेला आमचा तिथं. आमच्या वसाहतीचं नाव आम्हाला माहीत नसेल होय?"

सुनेला हसू आवरेना. तिनं पायरीवर उडी मारली, दांडा धरला आणि भाजीवालीला लाजवील असा आवाज लावला, "जलशू! जलशू! चला जलशूऽऽ!"

मग काय, बस खचाखच भरली. आत सासरे ज्याला त्याला सांगत सुटले, "ती पाटी आमच्या सुनेची बरं का." आजीबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि आपल्या फाटकावर नाव काढून देशील का, म्हणून विचारलं. ती लगेच हो म्हणाली.

वसाहत आली. दोघांचं तिथं काडीचं काम नव्हतं. सून उतरून बसपुढे उभी राहिली, एकेका अक्षराकडे बघत हरखून हसत. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला तेव्हा कुठे ती बाजूला झाली.

"चला आता," सासरे म्हणाले.

"थांबा हो, बाबा, मागची बसही बघू!"

सासरे आनंदानं कट्ट्यावर टेकले.