आखाजीची बदली

सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये खानदेशी माणसाला सुट्टी मिळत नाही, ती त्याची त्यानेच उभी करावी लागते. म्हणजे असं, की आपल्या जागी आपलाच कोणीतरी माणूस द्यायचा; मेहुणा, साडू, चुलतभाऊ, जो हाताशी लागेल तो. त्याच्या हातात आपलं हजेरी कार्ड ठेवायचं आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला गाव गाठायचं. मशीन थांबलं नाही म्हणून शेठ खूश, जागा गेली नाही म्हणून आपण खूश. कार्डावर फोटो असतो, पण तो बघत बसायला दारावरच्या वॉचमनला वेळ कुठे? याला सगळे बदली म्हणतात आणि ती कुठल्याही रजिस्टरात सापडत नाही.

वाल्मिक सोळा वर्षं अशाच एका डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर होता. जेट म्हणजे कापड रंगवायची भलीमोठी लोखंडी टाकी. आत उकळतं पाणी आणि वाफेचा दाब. तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीला त्याने आपल्या जागी सुकदेवला दिलं. सुकदेव म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, उषाबाईचा नवरा. मूळचा लूमवरचा कारागीर, पण आधीच्या दोन आखाज्या त्याने वाल्मिकचं जेट सांभाळलं होतं. त्या वर्षी पाचव्या दिवशी दाब पुरता उतरायच्या आत टाकीचं झाकण उघडलं गेलं. सुकदेव अकरा दिवस इस्पितळात तळमळला आणि गेला.

उषाबाईने कामगार आयुक्तांकडे नुकसानभरपाईचा दावा लावला. मिलने सरळ हात वर केले. हा माणूस आमचा कामगारच नव्हे, दुसऱ्याच्या कार्डावर लपूनछपून आत शिरलेला, आम्हाला पत्ताच नाही, असं त्यांच्या वकिलाने सांगितलं. पण पोपट नावाचा एक जुना कामगार, जो तोवर मिल सोडून गेला होता, त्याने साक्ष दिली की सुपरवायझर भूपेंद्रभाईंनीच सुकदेवला मशीनवर उभं केलं. आयुक्तांनी ते मानलं आणि निकाल उषाबाईच्या बाजूने दिला. मिलने रक्कम आयुक्तांकडे भरली आणि लागलीच हायकोर्टात अपील केलं. अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्यातला एक पैसा उषाबाईच्या हाती येणार नव्हता.

आणि ज्याच्या कार्डावरून हे सगळं रामायण झालं, तो वाल्मिक साक्षीला गेलाच नव्हता. त्या दिवशी म्हणे त्याला ताप होता. ताप कसला डोंबलाचा! भ्याला होता. मिलने त्याची जागा ठेवली होती आणि त्याने तोंडाला कुलूप लावलं होतं.

अपील लागल्यावर भूपेंद्रभाईंनी त्याला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. सोळा वर्षांत पहिल्यांदा खुर्ची मिळाली तेव्हाच वाल्मिकने ओळखलं, की काहीतरी मागणं आहे.

"इस पे सही कर दे," भूपेंद्रभाई म्हणाले. "बस इतना लिखा है, कि तूने किसी को बताया नहीं था. अपने मन से आदमी भेजा. हमारा वकील हायकोर्ट में दे देगा."

"पण साहेब, आपको तो बताया था."

"मुझे? कब?"

कधी ते दोघांनाही चांगलं आठवत होतं. याच टेबलासमोर वाल्मिकने विचारलं होतं आणि भूपेंद्रभाई मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले होते, भेज दे, मशीन बंद नहीं होना चाहिए. माणूस तसा वाईट नव्हता. अपघातानंतर तोही आठवडाभर नीट जेवला नव्हता. पण शेठने त्यालाही धारेवर धरलं असणार, आणि वरून आलेला दाब खाली सोडून देण्याची सवय मिलमध्ये सगळ्यांनाच असते.

"तीन साल से तेरी नौकरी मैंने संभाली है," ते म्हणाले. "शनिवार तक दे देना."

संध्याकाळी वाल्मिक तो कागद घेऊन गोडादऱ्याला बहिणीकडे गेला. उषाबाई साडीला टिकल्या चिकटवत बसली होती. शंभर साड्यांचा गठ्ठा भिंतीशी होता. तिची मुलगी मयुरी बारावीला होती. मयुरीने गुजराती कागद वाचून आईला समजावून सांगितला आणि मामाकडे न बघता आत निघून गेली. पोरीने मुद्दाम पाण्याचंही विचारलं नाही.

उषाबाईने पुढची टिकली चिकटवली. मग म्हणाली, "करी टाक सही."

वाल्मिकला वाटलं होतं, ती रडेल, चार शिव्या घालेल. त्याची त्याने तयारी करून ठेवली होती.

"उषा, अशी सही करी तं अपीलमा तुना दावा जाई."

"जावू दे. मनं घर पडनं ते पडनं, आते तुनं कशाले पाडतस? तुले बी पोरंसोरं शेतस." तिने हातातल्या साडीची घडी घातली. "तू काय मजा कराले थांबना व्हता का गावले? माय बिमार व्हती म्हनीसन थांबना. मी व्हती तं मी बी थांबती."

बदली तीनच दिवसांची ठरली होती. चौथ्या दिवशी सकाळी तो मशीनवर हजर हवा होता. आई आजारी म्हणून दोन दिवस जास्त राहिलो, हे त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं, इस्पितळाच्या जिन्यावर, पहिल्याच दिवशी. त्या दुःखात आईला कोणी काही विचारलं नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात तीही वारली, आता विचारायचं कोणाला? आणि उषाबाई दरसाल आखाजीला माहेरी यायची, पण त्या वर्षी नवऱ्याला डबा करून द्यायला सुरतेतच राहिली होती. त्या एका खोट्यावर बहिणीने त्याला केव्हाच माफ करून टाकलं होतं. शिव्या परवडल्या असत्या. ही माफी मात्र त्याला सोसवेना, कारण ती त्याची नव्हतीच.

"सकायले वकीलनाकडे जावूत," तो म्हणाला. "मी खरं सांगस तठे."

दुसऱ्या दिवशी त्याने खाडा केला. कोर्टाजवळच्या ऑफिसात उषाबाईच्या वकील स्नेहाबेन बसल्या होत्या. मिलने नवा कागद दिलाच तर आपलंही प्रतिज्ञापत्र तयार हवं, म्हणून त्यांनी लगेच लिहायला घेतलं. वाल्मिकने सांगितलं: मी भूपेंद्रभाईंना विचारलं, त्यांनी हो म्हटलं, आधीच्या दोन आखाज्यांनाही असंच झालं. त्याने एकही शब्द गिळला नाही.

"बदली किती दिवसांची होती?" स्नेहाबेनांनी विचारलं.

"तीन."

"अपघात तर पाचव्या दिवशी झाला."

"आई आजारी होती आमची," उषाबाई मधेच म्हणाली. भावाच्या वतीने ती हे इतक्या खात्रीने म्हणाली, की वाल्मिकला तिच्याकडे बघवलं नाही.

"आई आजारी नव्हती," तो म्हणाला. "आखाजीला आमच्याकडे पत्ते चालतात, बेन. लिंबाखाली डाव बसला होता. मी जिंकत होतो. म्हटलं, एक दिवस राहू. मग अजून एक राहिलो."

स्नेहाबेनांचं पेन थांबलं. पंख्याखाली कागद फडफडत होते, त्यावर त्यांनी हात ठेवला.

"याचा अपिलाशी काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही तीन दिवस गेलात की पाच, सुपरवायझरला माहीत होतं एवढंच आपल्याला हवंय. हे लिहिलं तर उगाच त्यांच्या वकिलाच्या हाती कोलीत."

"तरी लिहा."

"नका लिवू, बेन," उषाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ते कोर्टानं नही. ते मनं शे."

स्नेहाबेनांनी तेवढं सोडून बाकीचं लिहिलं, वाचून दाखवलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं. वाल्मिकने सही केली. मिलमधली जागा आता राहत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या घडीला त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. तो फक्त बहिणीने काहीतरी बोलावं म्हणून थांबला होता.

उषाबाई उठली, पदर सावरला, पिशवी खांद्याला लावली. दाराशी पोचल्यावर ती वळली.

"त्या दोन्ही दिवस सकायले डबा लेतांना मयुरीना बाप माले ईचारे," ती म्हणाली, "तुना भाऊ परत उना का म्हनीसन."

एवढं बोलून ती जिना उतरून गेली.