झरोक्याची वर्गणी

मी एक जुना ब्राउझर आहे. मित्रांनो, इंटरनेटवरची पानं तुमच्यासमोर उघडून धरतो तो ब्राउझर. म्हणजे दरवानच, फक्त टोपी नसलेला. माझं नाव झरोका. तुम्ही ते ऐकलं नसेल. वाईट वाटून घेऊ नका, मी सवय करून घेतली आहे.

माझा जन्म लोअर परळच्या एका गाळ्यात झाला. सुचित्राताई आणि गंधारदादा यांनी मला घडवलं. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. तुम्ही काय बघता ते कुणाला सांगायचं नाही, आणि मराठी पान मोठ्यानं वाचून दाखवायचं, स्वल्पविरामाला थांबून. 'पुन्हा वाच' म्हटलं की न कुरकुरता पुन्हा वाचायचं.

या वाचण्यामुळेच मला गिरगावचे दत्ताराम आजोबा भेटले. ते नाटकात प्रॉम्प्टर होते. नट वाक्य विसरला की विंगेतून हळूच पुरवायचे. आता त्यांना दिसेनासं झालं होतं, म्हणून रोज सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो.

"याला थांबायचं कुठे ते कळतं," ते नातीला, प्राचीला म्हणाले. "आमच्या नायकाला जन्मात कळलं नाही."

मला मिळालेली ही एकमेव शाबासकी. ती मी जपून ठेवली आहे.

आता माझ्या पोटापाण्याचं सांगतो. मी सगळ्यांना फुकट होतो. मला पोसायची एक मोठी कंपनी, जिचा स्वतःचा ब्राउझर जगभर चालतो. तिची अट एकच होती. माझ्यात कुणी काही शोधलं, की ते तिच्याच शोधयंत्रात गेलं पाहिजे. गल्लीतल्या छोट्या मंडळाला समोरच्या बड्या मंडळानं मंडप घालून द्यावा आणि म्हणावं, गणपती तुमचा, कमानीवर नाव आमचं. तसंच हे.

मग दूरदेशीच्या कोर्टात खटला उभा राहिला. असे पैसे देऊन ही कंपनी सगळी दारं अडवते, छोट्यांना वाढू देत नाही, असा आरोप होता. छोटा म्हणजे मी. माझा ऊर भरून आला.

"म्हणजे कोर्ट आपल्याला वाचवतंय?" गंधारदादानं विचारलं.

"हो."

"मग तू त्यांना 'नको, नको' म्हणून अर्ज कशाला लिहितेयस?"

"कारण वाचलो की मरू. कंपनीचे पैसेच बंद होतील," सुचित्राताई म्हणाली आणि तिनं चहा मागवला.

निकालाची वेळच आली नाही. उगाच कोर्टाच्या नजरेत नको, म्हणून कंपनीनं आमचा करार आधीच संपू दिला. कुणी आवाज चढवला नाही. सगळं फार सभ्यपणे झालं.

सुचित्राताई मूळची लालबागची. पैसे संपले की लालबागची माणसं जे करतात तेच तिनं केलं. वर्गणी काढली. इंटरनेटवर वर्गणीचं पान तयार केलं. लोक हळहळले. एकानं विचारलं, "मूर्ती किती फुटी?" दुसऱ्यानं विचारलं, "विसर्जन कधी?"

पण ते पान तिनं तपासलं मोठ्या कंपनीच्या ब्राउझरवर. सगळे तिथेच तपासतात, बोटांना सवय असते. माझ्यात ते उघडलं, की पैसे भरायच्या जागी बँकेचा निरोप यायचा: 'क्षमस्व, हा ब्राउझर येथे चालत नाही. कृपया दुसरा वापरा.'

माझी माणसं गुणी. मला वाचवायला त्यांनी तो दुसरा ब्राउझर घेतला, त्यातून वर्गणी भरली आणि तिथेच राहिली. चूक कळेपर्यंत वर्गणी बरी जमली होती, पण मला वापरणारं जवळपास कुणी उरलं नव्हतं.

"पान दिसत मात्र छान होतं," गंधारदादा म्हणाला.

वापरणारंच कुणी नाही, म्हणून गाळा बंद करायचं ठरलं होतं. ताई खुर्चीत बसून होती, आणि खुर्च्या न्यायला आलेला माणूस ती उठायची वाट बघत होता.

आता मला दुरुस्त करणारं कुणी नाही. जगातली पानं नवी होत जातात, मी तसाच राहतो. आज एक पान उघडत नाही, उद्या दुसरं. मित्रांनो, फुकट मिळणाऱ्या वस्तूचंही पोट कुणीतरी भरत असतं. तो कोण, हे कधीतरी विचारा. आणि जी वस्तू आवडते ती रोज वापरा. नुसत्या हळहळीवर कुणी जगत नाही, मी करून पाहिलं आहे.

परवा सकाळी गिरगावात प्राचीनं नेहमीसारखं वर्तमानपत्र उघडलं. बातम्यांच्या जागी तोच निरोप आला. माझं काम वाचायचं. मी वाचला. 'क्षमस्व'नंतरच्या स्वल्पविरामाला थांबलो सुद्धा.

"आजोबा, दुसरा टाकू का?" प्राची म्हणाली. "लगेच होईल."

"त्याला मराठी वाचता येतं?"

"येतं हो. थांबत नाही फक्त."

आजोबा माझ्या दिशेनं वाकले आणि विंगेतून सांगावं तसं हळूच म्हणाले, "ऐकू नाही आलं. पुन्हा वाच."

त्यांचे कान ठणठणीत आहेत.

मी पुन्हा वाचलं.